रुग्णसेवक संत फ्रान्सिस झेवियर



संत फ्रान्सिस झेवियर हे नाव आपल्या घराघरांत परिचयाचे आहे. कित्येकांनी आपल्या मुलांना हेच नाव दिले आहे. दर वर्षी ३ डिसेंबरला आपण त्यांचा सण पाळतो आणि जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिकात त्यांच्या पार्थिव अवशेषांचे दर्शन घेऊन आलेली मंडळी आपल्यातही आहेत. त्यांचे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे आपल्याला दिसतो तो हाती क्रूस घेतलेला, समुद्र ओलांडून आलेला, हजारोंना स्नानसंस्कार देणारा प्रेषित. हे चित्र खोटे नव्हे. परंतु ते अपुरे आहे. ह्या थोर पुरुषाने भारतभूमीवर पाऊल ठेविले तेव्हा पहिला मुक्काम केला तो राजवाड्यात नव्हे, मठात नव्हे, तर रुग्णालयात. आणि ज्या माणसांच्या उशाशी ते प्रथम बसले ती मरणाच्या दारी पडलेली माणसे होती. आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेत त्यांच्या चरित्राची हीच बाजू सांगावी असे मनात आले, व त्याचे कारण शेवटी ओघाने येईलच.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी स्पेनच्या उत्तरेस नवारा राज्यातील झेवियर येथील गढीत झाला. घराणे मानाचे, वडील राजाच्या पदरी मोठ्या अधिकारावर. परंतु १५१२ साली कॅस्टिलच्या सैन्याने नवारा जिंकून घेतले. फ्रान्सिस नऊ वर्षांचे असता वडील वारले आणि पुढल्याच वर्षी विजेत्यांच्या हुकुमाने गढीचे बुरूज व तट पाडण्यात आले. पडलेल्या तटाच्या आत, विधवा आईच्या छायेत हा मुलगा वाढला. वडील बंधू गेलेले राज्य परत मिळविण्यासाठी लढत होते. धाकट्याने विद्येच्या मार्गाने घराण्याला पुन्हा मान मिळवून द्यावा अशी आशा होती.

१५२५ साली ते पॅरिसच्या विद्यापीठात गेले. बुद्धी तल्लख, शरीर चपळ, मन महत्त्वाकांक्षी. १५३० साली पदवी घेऊन ते तत्त्वज्ञान शिकवू लागले. त्यांच्याच खोलीत पीटर फाबर नावाचा सौम्य स्वभावाचा विद्यार्थी राहत असे आणि १५२९ पासून तेथे आणखी एक वयाने मोठा, पायाने किंचित लंगडणारा सोबती आला. तो म्हणजे लोयोलाचा इग्नेशियस. १५२१ साली पांप्लोना येथील लढाईत इग्नेशियसच्या पायावर तोफेचा गोळा बसला होता, आणि फ्रान्सिस यांचे बंधू त्या वेळी विरुद्ध पक्षाकडून लढत होते. पुढे लोयोलाच्या घरी महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून असताना इग्नेशियसचे अंतःकरण देवाकडे वळले. म्हणजे पुढे ज्या येशूसंघाची कीर्ती जगभर झाली त्याचे बीज एका रुग्णशय्येवर रुजले होते. फ्रान्सिस यांचे मन वळविणे सोपे गेले नाही, वर्षे लागली. अखेरीस १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवरील लहानशा देवालयात सात मित्रांनी दारिद्र्याचे व ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. त्या सातांत फ्रान्सिस एक होते.

१५३७ च्या जानेवारीत ही मंडळी पायी चालत व्हेनिस नगरीत पोहोचली आणि तेथील रुग्णालयांत वाटून राहिली. फ्रान्सिस यांच्या वाट्याला जे रुग्णालय आले त्याचे नावच असाध्य रोग्यांचे रुग्णालय असे होते. युरोपात त्या काळी नव्याने पसरलेला, ज्यास पुढे आपल्याकडील वैद्य फिरंगरोग म्हणू लागले, तो भयंकर विकार जडलेली माणसे तेथे आणून टाकीत. अंगभर व्रण, त्यांची दुर्गंधी, आणि लाजेने आप्तांनीही पाठ फिरविलेली. विद्यापीठात मुलांना तत्त्वज्ञान शिकविणारा हा उमरावपुत्र तेथे अंथरुणे घालू लागला, जमीन झाडू लागला, भांडी स्वच्छ करू लागला; मेलेल्यांसाठी खड्डे खणून त्यांना मूठमाती देऊ लागला.

चरित्रकार सांगतात की, एके दिवशी सर्वांगावर व्रण उठलेल्या एका रुग्णाने त्यांना पाठ खाजवून देण्यास सांगितले. हात पुढे केला आणि फ्रान्सिस यांच्या अंगावर भीतीचा व किळसेचा काटा आला. आपण ह्या माणसाचा तिरस्कार करीत आहो हे त्यांच्या ध्यानात आले आणि ती किळस जिंकण्यासाठी त्यांनी त्या व्रणाचा पू आपल्या तोंडाला लावला. बंधूंनो, हे कृत्य आज कोणी करू नये. संसर्गाचे नियम ही ईश्वराने दिलेल्या बुद्धीचीच देणगी आहे, व ते पाळणे ह्यात धर्माला कमीपणा नाही. परंतु त्या कृत्यामागील लढाई मात्र आपण ओळखून घ्यावी. रुग्णाला सर्वांत आधी कळते ते आपल्या तोंडावरील भाव. प्रार्थना ओठांवर असली आणि पाऊल मात्र दाराकडे वळलेले असले, तर ते त्याच्या नजरेतून सुटत नाही. फ्रान्सिस यांनी आधी ती लढाई जिंकली, आणि मग २४ जून १५३७ रोजी त्यांस गुरुदीक्षा मिळाली. आधी रुग्णसेवक आणि मग धर्मगुरू, असा त्यांच्या जीवनाचा क्रम आहे.

पुढे पोर्तुगालच्या राजाने हिंदुस्थानासाठी धर्मगुरू मागितले. ज्याला पाठवावयाचे ठरले होते तो आयत्या वेळी आजारी पडला, म्हणून त्याच्या जागी फ्रान्सिस यांस पाठविण्यात आले. ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी लिस्बन बंदर सोडले. परमगुरुस्वामींनी त्यांना आपले प्रतिनिधी नेमले होते; अशा अधिकाऱ्याने सेवेस नोकर घ्यावा अशी रीत होती. त्यांनी नोकर नाकारला, आपले कपडे आपण धुतले आणि जहाजावरील आजाऱ्यांची सेवा पत्करली. वाटेत मोझांबिक येथे जहाजांना सुमारे सहा महिने थांबावे लागले. तापाने तेथे अनेक माणसे दगावली. फ्रान्सिस स्वतः तापाने फणफणले असताही रुग्णांकडे जात राहिले. वैद्याने विश्रांती घेण्यास बजाविले, तेव्हा वातात बरळणाऱ्या एका खलाशाची व्यवस्था लावून मग निजेन असे त्यांनी सांगितले आणि त्याला आपल्याच अंथरुणावर निजविले. तो मनुष्य शुद्धीवर आला, त्याने आपले पाप निवेदन केले आणि शांतपणे प्राण सोडला.

६ मे १५४२ रोजी ते गोव्यास उतरले. आज ज्यास आपण जुने गोवे म्हणतो ते त्या वेळी गजबजलेले राजधानीचे शहर होते. आपला अधिकार दाखविणारी पत्रे त्यांनी नम्रपणे महागुरूंच्या हाती दिली आणि राहण्यास गेले ते राजाच्या रुग्णालयात. ती इमारत आज उभी नाही, परंतु तेथील त्यांचा दिनक्रम त्यांनी युरोपातील बंधूंना धाडलेल्या पत्रांवरून कळतो. सकाळी आजाऱ्यांचे पापनिवेदन ऐकावे, त्यांना ख्रिस्तप्रसाद द्यावा. मग येणाऱ्या धडधाकट लोकांचे पापनिवेदन ऐकावे. दुपारनंतर तुरुंगात जावे. तेथून परतल्यावर जवळच्या पवित्र मरियेच्या देवालयात मुलांना धर्मशिक्षण द्यावे. मुलांची संख्या कित्येकदा तीनशेच्या वर जाई. रविवारी शहराबाहेर संत लाझारसच्या आश्रमातील कुष्ठरोग्यांसाठी मिस्सा अर्पण करावी. त्या आश्रमातील एकूण एक माणसाने त्यांच्याकडे पापनिवेदन करून ख्रिस्तप्रसाद घेतला, आणि ती माणसे त्यांची जिवलग झाली. रात्री रुग्णालयात जो कोणी अत्यवस्थ असेल त्याच्या खाटेजवळ जमिनीवरच ते झोपत, म्हणजे अपरात्री त्याने हाक मारली अथवा तो नुसता कण्हला, तरी ते उठून त्याच्याजवळ बसत.

त्या काळचे रुग्णालय म्हणजे काय होते ह्याची कल्पना असावी. १५४३ साली गोव्यात पटकीची साथ आली. आपण मराठीत व कोंकणीत ज्याला मोडशी म्हणतो, त्याच शब्दावरून पोर्तुगीजांनी त्या रोगाचे नाव बनविले. इतकी माणसे मेली की, लोकांचा धीर सुटू नये म्हणून मृतांसाठी घंटा वाजविण्यास गव्हर्नराने मनाई केली असे त्या वेळचा इतिहासकार नोंदवितो. गोव्यात राहणारा विद्वान वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात ह्या रोगाचे वर्णन केले आहे. परंतु त्याचे खरे कारण कळण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. यास्तव त्या काळी वैद्याच्या हाती फार थोडे होते. अशा ठिकाणी धर्मगुरूचे काम कोणते? फ्रान्सिस यांनी ते आपल्या आचरणाने दाखविले. रुग्णाच्या मनावर पापाचे ओझे असेल ते उतरवावे. कोणाचे देणे असेल, कोणाशी वैर असेल, घरच्यांची काळजी असेल, तर त्याची व्यवस्था लावण्यास साह्य करावे. शेवटच्या प्रवासाची शिदोरी म्हणून प्रभूचे शरीर द्यावे. आणि जेथे बोलण्यासारखे काही उरत नाही तेथे हात हाती धरून बसावे. शरीर वैद्याचे आणि आत्मा धर्मगुरूचा अशी वाटणी त्यांनी कधी केली नाही. ज्या हाताने पापक्षमा दिली त्याच हाताने त्यांनी पाणी पाजले.

१५४२ च्या शरद ऋतूत ते दक्षिणेस मोत्यांच्या किनाऱ्यावर परवा कोळ्यांच्या गावांत गेले. तेथे एक नवीच अडचण उभी राहिली. गावे पुष्कळ, आजारी पुष्कळ, आणि धर्मगुरू एकटा. प्रत्येक झोपडीतून बोलावणे येई आणि सर्वांकडे जाणे अशक्य. तेव्हा त्यांनी जे केले ते आपण नीट लक्षात ठेवावे. श्रद्धेचा अंगीकार व प्रार्थना पाठ झालेल्या लहान मुलांना त्यांनी आपल्या जागी धाडले. मुलांच्या हाती आपली जपमाळ अथवा क्रूस दिला आणि आजाऱ्याच्या घरी जाऊन, घरच्यांना व शेजाऱ्यांना गोळा करून, सर्वांसह मोठ्याने प्रार्थना म्हणण्यास सांगितले. ह्या भेटींनी कित्येक आजारी बरे झाले असे त्यांनी स्वतः कळविले आहे, आणि त्याचे श्रेय त्यांनी आपल्याकडे घेतले नाही. मिस्सा आणि पापक्षमा ही धर्मगुरूची कामे. परंतु आजाऱ्याला एकटे पडू न देणे हे साऱ्या ख्रिस्तसभेचे काम आहे, हा पाठ त्या किनाऱ्यावरील पोरांनी आपल्याला दिला.

पुढल्या दहा वर्षांत त्यांची पायपीट व जलप्रवास ह्यांना अंत नव्हता. ज्या जिल्ह्यात नर्सीसारखे संत नामदेवांचे गाव आहे आणि नामदेव पंजाबातील घुमानपर्यंत गेले हे ज्याला ठाऊक आहे, त्या आपल्या हिंगोलीच्या माणसाला संताचे चालणे म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु कोठेही गेले तरी फ्रान्सिस यांची वाट रुग्णालयावरून जाई. १५४६ साली अंबोयना बेटावर पोर्तुगीजांचे प्रतिस्पर्धी असलेल्या स्पॅनिश आरमाराची माणसे आजाराने जर्जर होऊन आली. त्यांनी आपपर न पाहता त्यांची सेवा केली, आणि त्या आरमाराचा सेनापती विलालोबोस याने अखेरचा श्वास घेतला तेव्हा ते त्याच्याजवळ होते. १५४८ साली ते आपल्या वसईस आले व तेथे जुआंव द कास्त्रो ह्या राज्यकर्त्यास भेटले. थोड्याच दिवसांत कास्त्रो गोव्यात अंथरुणास खिळला आणि ६ जून १५४८ रोजी फ्रान्सिस यांच्या सान्निध्यात त्याने देह ठेविला. गोव्याच्या वेशीबाहेरचा कुष्ठरोगी आणि गोव्याच्या गादीवरचा राज्यकर्ता, ह्या दोघांनाही मरणाच्या वेळी हवे होते ते एकच, आणि ते दोघांनाही त्यांनी सारखेच दिले. १५४९ साली जपानला निघण्यापूर्वी त्यांनी ओर्मुझला जाणाऱ्या गास्पार बार्झेयस ह्या आपल्या सहकाऱ्यास लेखी सूचना दिल्या, त्यांतही रुग्णालय व तुरुंग ह्यांना नित्य भेट देण्याची आज्ञा आहे.

आता त्यांच्या अंताकडे वळू. चीन देशात शुभवर्तमान न्यावे ह्या ध्यासाने ते १५५२ च्या उन्हाळ्याअखेर चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटावर उतरले. चोरून कँटनला पोहोचविण्याचे एका व्यापाऱ्याने कबूल केले होते. तो आलाच नाही. एकेक करून पोर्तुगीज जहाजे परत गेली. थंडी पडू लागली, अन्नाची टंचाई झाली. २१ नोव्हेंबरला त्यांना ताप भरला. जहाजावर नेले तर समुद्राच्या हेलकाव्यांनी जीव घाबरा झाला. दुसऱ्या दिवशी परत किनाऱ्यावर आणले. झोपडीत ठेवून शरीरातून रक्त काढण्याचा त्या काळचा उपाय केला, त्याने अशक्तपणा मात्र वाढला. पुढे शुद्ध हरपली आणि जवळ असलेल्यास न कळणाऱ्या भाषेत ते काहीबाही बोलू लागले. बहुधा ती त्यांच्या लहानपणची भाषा असावी.

ज्यांनी व्हेनिसमध्ये, मोझांबिकात, गोव्यात, अंबोयनात इतक्या माणसांना पापक्षमा देऊन व शिदोरी बांधून निरोप दिला, त्यांच्या स्वतःच्या मरणसमयी तेथे धर्मगुरू नव्हता. पापक्षमा द्यावयास कोणी नव्हते, अभ्यंग करावयास कोणी नव्हते, ख्रिस्तप्रसाद आणून देणारे कोणी नव्हते. होता तो अंतोनियो नावाचा एक चिनी ख्रिस्ती तरुण. गोव्याच्या संत पॉल विद्यालयात शिकलेला, दीक्षा नसलेला साधा माणूस. तो रात्रंदिवस उशाशी बसून राहिला. ३ डिसेंबरच्या पहाटे अंत जवळ आला असे दिसताच त्याने गुरूंच्या हाती पेटलेली मेणबत्ती दिली आणि येशूचे नाव घेत असता फ्रान्सिस यांनी प्राण सोडला. वय अवघे शेहेचाळीस. थंडी इतकी होती की त्यांच्या दफनाला अंतोनियोसह केवळ चारच माणसे होती. त्यांच्या अखेरच्या दिवसांची हकीकत जगाला कळली तीही ह्याच अंतोनियोच्या वृत्तांतावरून.

पुढे त्यांचा देह मलाक्क्यास व तेथून १५५४ च्या मार्चमध्ये गोव्यास आणला गेला. १२ मार्च १६२२ रोजी इग्नेशियस यांच्यासह त्यांस संतपद मिळाले. १९२७ साली बाळ येशूच्या संत तेरेजेसह ते मिशनकार्याचे आश्रयदाते ठरले.

वाचकहो, हे चरित्र येथे सांगण्याचे कारण आता ध्यानात आले असेल. आपला जिल्हा विस्ताराने मोठा आणि आपली संख्या थोडी. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा ह्या भागांत एखाद्या गावी एक घर, दुसऱ्या गावी दोन. माणूस फार आजारी झाला की त्याला नांदेडला नेतात, तेथून पुढे कधी छत्रपती संभाजीनगरला, तर कर्करोगासारख्या दुखण्यात मुंबईपर्यंत. बरोबर जातो एखादा मुलगा किंवा जावई. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर तो रात्र काढतो आणि आत आईच्या नाकात नळी, हातात सलाईन, आणि आजूबाजूस एकही ओळखीचा चेहरा नाही. धर्मगुरूला निरोप पोहोचतो तो कित्येकदा फार उशिरा. मीही अशा एका घरी उशिरा पोहोचलो आहे. वृद्धाने डोळे मिटले होते. परंतु शेजारची एक बाई, जिला लिहितावाचताही येत नव्हते, ती दोन रात्री त्याच्याजवळ बसून जपमाळ म्हणत होती, आणि तिने पश्चात्तापाची प्रार्थना त्याच्याकडून म्हणवून घेतली होती. मला त्या वेळी सांचियनचा अंतोनियो आठवला. माझ्या उशिराची खंत मला आजही आहे. पण तो मनुष्य एकटा गेला नाही ह्याचे समाधान त्याहून मोठे आहे.

म्हणून तीन गोष्टी सांगून हा लेख आटोपतो. पहिली, धर्मगुरूला वेळेवर बोलवा. अभ्यंगविधी हा मरणाचा हुकूम नव्हे; १९७२ साली नव्याने सिद्ध झालेल्या विधीत तो गंभीर आजारी असलेल्या प्रत्येकासाठी आहे, रुग्ण शुद्धीवर असताना व स्वमुखे उत्तर देऊ शकत असताना घेण्याचा आहे, आणि पुन्हा दुखणे बळावले तर पुन्हाही घेता येतो. फादर घरी आले म्हणजे आशा संपली, ही जुनी भीती मनातून काढून टाका. दुसरी, १९७३ पासून ख्रिस्तसभेने योग्य शिक्षण घेतलेल्या प्रापंचिकांनाही आजाऱ्यांकडे ख्रिस्तप्रसाद नेण्याची मुभा दिली आहे. आपल्यातील काही स्त्रीपुरुषांनी ह्या सेवेसाठी पुढे यावे. तिसरी गोष्ट सर्वांसाठी आहे, लहान मुलांसाठीसुद्धा. गावात जो आजारी असेल, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्याच्याकडे जा. उपदेश करू नका, दुसऱ्याच्या दुखण्याच्या कहाण्या सांगू नका, घाईने उठू नका. तो आपल्या मरणाविषयी बोलू लागला तर विषय बदलू नका. ऐका. आपल्या माणसाच्या उशाशी त्याच्या परवानगीने प्रार्थना म्हणा. पाणी मागितले तर पाणी द्या.

१९९३ पासून दर वर्षी ११ फेब्रुवारीस, लूर्दच्या मातेच्या सणादिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. आपल्या धर्मग्रामाने आजवरच्या वर्षांत देवालय पाहिले, सण पाहिले, मिरवणुका पाहिल्या. ह्या महोत्सवाची खरी आठवण म्हणून एवढाच संकल्प आपण करू या की, आपल्या धर्मग्रामात ह्यापुढे कोणीही माणूस एकटा मरणार नाही. हे काम एका धर्मगुरूच्या हातून होणारे नाही. संत फ्रान्सिस झेवियर यांच्याही हातून ते एकट्याने झाले नाही, आणि त्यांच्या स्वतःच्या अखेरच्या घटकेस तर ते एका सामान्य प्रापंचिकाने केले.

त्यांच्या मध्यस्थीने आपल्या घरांतील सर्व आजाऱ्यांना धीर, त्यांची सेवा करणाऱ्यांना बळ आणि आपणा सर्वांना सुखाचे मरण मिळो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.

आपला प्रभूमधील सेवक,
धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू